ओपन सोर्स प्रकल्पाची वेबसाइट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालयांसाठीच्या एका छोट्या ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरची साइट मी गेली काही वर्षं सांभाळतो आहे. कोड लिहिणारे मित्र आपल्या प्रकल्पाची साइट काढायला निघाले की मला फोन करतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत. या सगळ्यांच्या मुळाशी माझं एकच म्हणणं आहे: ज्यांनी सॉफ्टवेअर लिहिलं त्यांना साइटची गरज नसते, ती आज पहिल्यांदा दारात आलेल्या अनोळखी माणसाला लागते. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे त्याच्याकडे बघून ठरवा.

कोड ठेवायच्या गिटहब या साइटवर रीडमी, म्हणजे प्रकल्पाची ओळख सांगणारी फाइल, आहे. मग वेगळी साइट हवीच कशाला?

तुमचं सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रोग्रॅमरनेच वापरायचं असेल, म्हणजे एखादी कोडची लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार कोड) किंवा कमांड लाइनवरचं (कमांड टाइप करून चालवायचं) साधन असेल, तर नीट लिहिलेली रीडमी पुष्कळ झाली. उगाच साइट काढू नका, ती सांभाळावी लागते.

पण वापरणारा माणूस शिक्षक असेल, हिशेबनीस असेल, ग्रंथपाल असेल, तर गिटहबचं पान त्याच्यासाठी नाही. तिथे आधी फोल्डरांची यादी दिसते, मग कुणी काय बदललं ते दिसतं, आणि खूप खाली गेल्यावर कळतं की हे सॉफ्टवेअर नक्की करतं काय. तोवर तो गेलेला असतो.

मुखपृष्ठावर सगळ्यात वर काय लिहायचं?

हे काय आहे, कुणासाठी आहे, कशावर चालतं. दोन-तीन वाक्यांत, साध्या शब्दांत.

आमच्या साइटवर पूर्वी असं होतं: ‘एक आधुनिक, वेगवान आणि विस्तारक्षम ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली.’ वाचून काहीच कळत नाही. आता असं आहे: ‘गावातल्या वाचनालयासाठी पुस्तकांची देवघेव, सभासदांची वर्गणी आणि दाखल नोंदवही सांभाळणारं सॉफ्टवेअर. विंडोज आणि लिनक्सवर चालतं. इंटरनेट लागत नाही. मोफत आहे.’ ‘दाखल नोंदवही’ हा शब्द दिसला की ‘क’ वर्गाच्या वाचनालयात बसलेल्या माणसाला कळतं की हे आपल्या कामाचं आहे. तुमच्या वापरकर्त्यांच्या तोंडी जो शब्द असेल तोच पहिल्या वाक्यात यायला हवा.

कशासाठी वापरू नये हेही सांगून टाका. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या साइटवर हा डेटाबेस कुठे योग्य आहे याचं एक स्वतंत्र पान आहे, आणि कुठे दुसरा डेटाबेस घ्यावा हेही त्याच पानावर सरळ लिहिलेलं आहे. असं वाचलं की बाकीच्या दाव्यांवरही विश्वास बसतो. आम्हीही आता लिहितो की अनेक शाखा असलेल्या मोठ्या ग्रंथालयांनी कोहा हे ग्रंथालयाचंच दुसरं मुक्त सॉफ्टवेअर बघावं.

मोफत लिहावं की मुक्त?

दोन्ही, पण आपापल्या जागी. इंग्रजीत दोन्ही अर्थांना ‘फ्री’ हा एकच शब्द असल्यामुळे त्या मंडळींना पानभर खुलासा करावा लागतो. मराठीत दोन शब्द तयार आहेत, त्यांचा फायदा घ्या. पैसे पडत नाहीत ते मोफत. कोड बघता, बदलता, वाटता येतो ते मुक्त. पहिला शब्द बहुतेकांना लगेच समजतो. दुसरा एका ओळीत समजावून सांगा आणि लायसन्सच्या पानाचा दुवा द्या.

लायसन्सचं नाव मात्र तळाशी प्रत्येक पानावर असू द्या. लायसन्सच दिलं नसेल तर कोड सगळ्यांना दिसत असूनही कायद्याने सगळे हक्क लेखकाकडेच राहतात, आणि जाणकार संस्था त्याला हात लावत नाहीत.

स्क्रीनशॉट हवेत का?

हो, आणि चालू आवृत्तीचे. त्यात खरा वाटेल असा डेटा भरा. ‘टेस्ट १२३’ नावाचा सभासद दिसला की सॉफ्टवेअर अर्धवट आहे असं वाटतं. खऱ्या माणसांची नावं आणि फोन नंबर मात्र चुकूनही जाऊ देऊ नका.

डाउनलोडचं पान कसं असावं?

माझ्या मते साइटवरचं सगळ्यात महत्त्वाचं पान हेच, आणि सगळ्यात कमी लक्षही याच पानाकडे दिलं जातं.

एकदा तालुक्याच्या गावी एका कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंच्या शेजारी बसून मी त्यांना आमचं सॉफ्टवेअर घेताना पाहिलं. ठरवलं होतं की मधे बोलायचं नाही. बाईंनी मुखपृष्ठ वाचलं, ‘डाउनलोड’ दाबलं. तो दुवा तेव्हा थेट गिटहबच्या रिलीजच्या, म्हणजे प्रसिद्ध केलेल्या आवृत्त्यांच्या, पानावर जात होता. समोर नऊ फाइली आल्या. लिनक्ससाठीच्या डेब, आरपीएम, टार, विंडोजसाठीच्या दोन एक्झी, चेकसमची (फाइल बदललेली नाही हे ताडून बघायच्या आकड्याची) फाइल, सहीची फाइल. त्यांनी सगळी यादी बोट ठेवून वाचली आणि शेवटी ‘सोर्स कोड, झिप’ ही फाइल घेतली, कारण झिप हा एकच शब्द ओळखीचा होता. गिटहब प्रत्येक रिलीजखाली ही झिप आपोआप लावतं. बाईंनी ती उघडली, दहा-बारा मिनिटं त्यात सेटअप शोधला आणि मग शांतपणे मला म्हणाल्या, ‘सर, यात प्रोग्रॅम दिसत नाहीये.’ त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्या दिवशी रात्रीच आम्ही ते पान बदलायला घेतलं.

आता पानावर एक मोठं बटण आहे आणि त्यावर लिहिलंय: ‘विंडोजसाठी डाउनलोड करा’. खाली बारीक अक्षरात आवृत्ती, तारीख, फाइल केवढी आहे आणि विंडोजची कोणती आवृत्ती लागते ते. लिनक्सवरून आलेल्याला लिनक्सचं बटण दिसतं. बाकीच्या सगळ्या फाइली ‘इतर प्रकार’ या दुव्यामागे. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या साइटवर बरीच वर्षं हीच पद्धत आहे: साइट तुमची ऑपरेटिंग सिस्टिम ओळखते आणि नेमकं तेवढंच बटण पुढे करते. फोनवरून आलेल्याला मात्र ‘हे संगणकावर चालतं’ असं सांगून दुवा स्वतःला पाठवायची सोय द्या. आमच्याकडे येणारे पुष्कळ लोक आधी फोनवरच बघतात.

आणखी एक. चालू आवृत्ती आणि चाचणीची आवृत्ती शेजारी शेजारी एकाच मापाच्या बटणांत ठेवू नका. आकडा मोठा दिसला की लोक तोच दाबतात.

लोक आमच्याच साइटवरून घेताहेत आणि फाइल आमचीच आहे, याची खात्री कशी द्यायची?

हा प्रश्न मला फार कमी लोक विचारतात. खरं तर तो पहिल्या दिवशी विचारायला हवा.

२० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका लोकप्रिय रूपाची साइट फोडली गेली. त्यांच्या साइटवरचे डाउनलोडचे दुवे बदलून मागचं दार (हल्लेखोराला गुपचूप आत शिरायची वाट) ठेवलेल्या बनावट प्रतीकडे वळवले गेले. लोक खऱ्या साइटवर, खऱ्या पानावर होते आणि तरी हाती खोटी फाइल पडली. पुढच्याच महिन्यात ट्रान्समिशन या टोरंट सॉफ्टवेअरच्या २.९० आवृत्तीचं मॅकसाठीचं इन्स्टॉलर असंच बदललेलं निघालं, त्यात फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारं रॅन्समवेअर होतं. २०१७ च्या मे महिन्यात हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरच्या एका डाउनलोड सर्व्हरवरही फाइल अशीच बदलली गेली.

यातून करायच्या गोष्टी अशा. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम द्या, पण त्यावर थांबू नका. चेकसम त्याच सर्व्हरवर असेल तर फाइल बदलणारा तोही बदलू शकतो. म्हणून चेकसमच्या फाइलवर जीपीजी या साधनाने डिजिटल सही करा आणि सहीची खासगी किल्ली वेब सर्व्हरवर कधीही ठेवू नका. तपासायचं कसं हे चित्रांसह, एकेक पायरी करून लिहा. बहुतेक लोक तपासणार नाहीत हे मलाही माहीत आहे, पण शंभरात एकाने तपासलं तरी गडबड लवकर उघडकीला येते आणि बाकीचे नव्व्याण्णव वाचतात. विंडोजच्या इन्स्टॉलरवर कोड सायनिंगची सहीही करता आली तर करा, ती वापरणाऱ्याने काही न करता तपासली जाते.

फाइल कुठे ठेवता हेही बघा. जिंप या चित्रं संपादित करायच्या सॉफ्टवेअरने २०१३ साली सोर्सफोर्ज ही फाइली ठेवायची साइट सोडली, कारण तिथल्या जाहिरातींत खोटी ‘डाउनलोड’ची बटणं येत होती आणि इन्स्टॉलरसोबत दुसरी सॉफ्टवेअर जोडली जाऊ लागली होती. २०१६ मध्ये सोर्सफोर्जचे मालक बदलले आणि नव्या मालकांनी तो प्रकार बंद केला. तरी आपल्या बटणाशेजारी दुसऱ्याची जाहिरात येईल अशी जागा मी निवडणार नाही.

शेवटचं, आपल्या देशातलं उदाहरण. २०२२ मध्ये कित्येक महिने व्हीएलसीची अधिकृत साइट भारतातल्या अनेक नेटवर्कवर उघडत नव्हती. ती अडवण्यात आली होती आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पुन्हा खुली झाली. साइट उघडली नाही की माणूस शोधात पुढे जो दुवा येईल तो दाबतो, आणि बनावट साइटवाले नेमके तिथेच बसलेले असतात. म्हणून अधिकृत वाट एकच ठेवू नका. गिटहब, लिनक्सच्या वितरणांची (निरनिराळ्या रूपांची) सॉफ्टवेअर भांडारं, विंडोजचं स्टोअर, जिथे जिथे तुम्ही खरोखर असाल त्यांची यादी साइटवर, रीडमीत आणि सॉफ्टवेअरच्या ‘माहिती’ खिडकीतही छापा.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर घ्यावं?

एकट्या माणसाच्या किंवा एकाच कंपनीच्या नावावर शक्यतो नको.

कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआच्या ग्रंथालयासाठी लिहिलं गेलं आणि २००० सालच्या सुरुवातीला तिथे वापरात आलं. आज आपल्याकडचीही अनेक कॉलेजं ते वापरतात. त्याचं मूळ डोमेन पुढे एका कंपनीकडे गेलं. कंपनी आणि बाकीचा समुदाय यांचे मार्ग वेगळे झाले तेव्हा २०१० साली समुदायाला ‘कोहा-कम्युनिटी’ या नव्या पत्त्यावर सगळं पुन्हा मांडावं लागलं. नोंदणीकृत संस्था असेल तर डोमेन तिच्या नावावर घ्या. नसेल तर निदान दोन-तीन विश्वासू लोकांकडे खात्याची किल्ली असू द्या, आणि नूतनीकरणाची सूचना एकाच माणसाच्या इमेलवर जाणार नाही हे बघा.

पत्ता बदलावाच लागला तर जुने दुवे मरू देऊ नका. कर्ल या फाइली आणण्या-पाठवण्याच्या साधनाने २०२० मध्ये नवीन छोटा पत्ता घेतला तेव्हा जुन्या पत्त्यावरून येणाऱ्यांना तिकडे वळवलं. लोकांच्या लेखांत, उत्तरांत, पुस्तकांत तुमचे जुने दुवे असतात आणि ते दुरुस्त करणं तुमच्या हातात नसतं.

साइट कशात बनवायची? वर्डप्रेस चालेल का?

चालेल, पण ते दर आठवड्याला अपडेट करणारा माणूस असेल तरच. आमच्यासारख्या प्रकल्पात तो नसतो. मी स्थिर पानं बनवणारं साधन सुचवेन: जेकिल, ह्यूगो, डॉक्युमेंटेशन (वापराची लिखित माहिती) मोठं असेल तर स्फिंक्स किंवा एमकेडॉक्स. तुम्ही मार्कडाउनमध्ये (साध्या खुणा टाकलेल्या मजकुरात) लिहिता, साधन त्याची ब्राउझरला समजणारी एचटीएमएल पानं करतं. सर्व्हरवर डेटाबेस नाही, लॉगिन नाही, त्यामुळे फोडायला फारसं काही उरत नाही. आणि साइटही गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) असल्यामुळे कुणीही चूक दिसली तर दुरुस्ती पाठवू शकतं.

कोणतं साधन यावर महिनाभर चर्चा करू नका. ज्याला आधीच येतं त्याला विचारा आणि तेच घ्या.

खर्च किती येतो?

डोमेनचे वर्षाचे पैसे सोडले तर जवळजवळ शून्य. गिटहब पेजेसवर १ जीबीपर्यंतची साइट आणि महिन्याला साधारण १०० जीबीपर्यंतची रहदारी मोफत चालते. एचटीटीपीएसचं, म्हणजे सुरक्षित जोडणीचं, प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून मोफत मिळतं. इन्स्टॉलर साइटमध्ये न ठेवता रिलीजमध्ये ठेवा.

डॉक्युमेंटेशन आहे, पण लोक तरी तेच प्रश्न विचारतात. काय चुकतंय?

बहुधा सगळं एकाच पानात कालवलेलं असतं. सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनवर काम करणाऱ्या डॅनिएले प्रोचिदा यांनी केलेली चार भागांची विभागणी मला फार उपयोगी पडली. नवख्याचा हात धरून नेणारे धडे वेगळे, ‘अमुक कसं करायचं’ याच्या कृती वेगळ्या, सगळ्या पर्यायांची संपूर्ण माहिती वेगळी आणि ‘हे असं का आहे’ याचं विवेचन वेगळं. वर्षअखेरीची थकबाकीची यादी काढायला बसलेल्या ग्रंथपालाला कृती हवी असते. त्याला तेव्हा डेटाबेसची रचना समजावून सांगायला गेलात तर तो फोनच उचलणार.

दुसरी चूक आवृत्त्यांची. गूगलवर शोधलं की पाच वर्षांपूर्वीच्या आवृत्तीचं पान आधी येतं, आणि माणूस तिथली कमांड इमानेइतबारे टाकत बसतो. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या साइटवर प्रत्येक पानाच्या माथ्यावर हेच पान इतर आवृत्त्यांत कुठे आहे त्याचे दुवे असतात, आवृत्ती जुनी झाली असेल तर तसा इशारा असतो आणि ‘चालू’ आवृत्तीला कायमचा एक पत्ता असतो. छोट्या प्रकल्पाने निदान इशाऱ्याची पट्टी लावावी.

साइट मराठीतही करायची आहे. कुठून सुरुवात करू?

आधी मुखपृष्ठ, डाउनलोड आणि पहिला धडा, एवढंच. सगळं डॉक्युमेंटेशन मराठीत आणायचं ठरवलंत तर अर्ध्यात दम जाईल, आणि अर्धवट जुनं भाषांतर इंग्रजीपेक्षा वाईट. सॉफ्टवेअरमधल्या शब्दांसाठी वेबलेट हे भाषांतराचं साधन वापरा, मुक्त प्रकल्पांना त्यांची सेवा मोफत मिळते. आधी पन्नासेक शब्दांची यादी ठरवून घ्या, नाहीतर एका पानावर ‘जतन करा’, दुसऱ्यावर ‘सेव्ह करा’ आणि तिसऱ्यावर ‘साठवा’ असं होतं. बटणावर जे आहे अगदी तेच धड्यात लिहा.

मग अक्षरं. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा ‘मराठी’ म्हणून नोंदवा, हिंदीच्या पानाची प्रत करून ती हिंदी राहू देऊ नका. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आत दिलेले असतात, आणि ब्राउझर ते भाषेच्या त्या नोंदीवरूनच निवडतो. नोंद चुकली की हिंदी वळण दिसतं. वाचता येतं, पण आपल्या डोळ्याला ते परकं वाटतं. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त लायसन्सचा मुक्ता फॉन्ट मला मोठ्या मजकुराला आवडतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द टाकून ऱ्य नीट जुळतो का ते आधी तपासा. ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते, म्हणून दोनच वजनं घ्या, साधं आणि ठळक.

शोधाच्या खिडकीत एक खाच आहे, ती मला फार उशिरा सापडली. ‘ॲप’ मधला ॲ तीन तऱ्हांनी टाइप होतो: युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत २००८ साली आलेलं स्वतंत्र अक्षर, अ वर नुसता चंद्र, आणि मधे न दिसणारा जोडक टाकून. डोळ्याला जवळपास सारखं, संगणकाला तीन वेगळे शब्द. शोधण्याआधी तिन्हींचं एकच रूप करून घ्या.

सगळ्यांना वाचता येईल याची काळजी कशी घ्यायची?

अक्षर आणि मागचा रंग यांचं प्रमाण किमान ४.५:१ असावं, ही वेब सुलभतेच्या मानकातली अट आहे. फिकट राखाडी अक्षरं सुंदर दिसतात आणि उन्हात फोन धरला की नाहीशी होतात. चित्रांना वर्णन द्या. माउस बाजूला ठेवून फक्त टॅबच्या बटणाने डाउनलोडपर्यंत पोचता येतं का ते स्वतः करून बघा. मग बसस्टँडवर उभं राहून, नेट रडत असताना साइट उघडा. मुखपृष्ठावरचा आपोआप सुरू होणारा व्हिडिओ तेव्हाच काढून टाकावासा वाटेल.

नवीन मदतनीस साइटवरून मिळतात का?

मिळतात, पण ‘योगदान द्या’ एवढं लिहून नाही. नेमकं काम सांगा: हे पान मराठीत आणायचं आहे, हा स्क्रीनशॉट जुना झालाय, या चुकीची नोंद कुणीतरी पडताळून द्या. कोड न येणाऱ्यांची कामं आधी लिहा. प्रश्न कुठे विचारायचा आणि उत्तराला साधारण किती दिवस लागतात तेही लिहा. आम्ही ‘शनिवार-रविवारी उत्तर देतो’ असं लिहिलं तेव्हापासून मंगळवारी येणारी रागावलेली पत्रं थांबली.

देणगीचं बटण कुठे?

डाउनलोड सुरू झाल्यानंतरच्या पानावर. डाउनलोडच्या बटणाशेजारी, त्याच रंगात, कधीही नाही. पैसे कशाला लागतात ते आकड्यासह सांगा.

किती लोक येतात ते मोजावं का?

डाउनलोडचे आकडे रिलीजमधून मिळतातच. त्यापलीकडे माणसांचा माग काढणाऱ्या स्क्रिप्ट मी लावत नाही. आम्ही लोकांना सांगतो की तुमच्या संगणकावर काय चालतं ते तुम्हाला बघता आलं पाहिजे. मग त्यांच्या नकळत त्यांच्यावर नजर ठेवणं मला पटत नाही. वर्षातून दोनदा एखाद्या नवख्याच्या शेजारी गप्प बसून बघा, त्यातून कुठल्याही आलेखापेक्षा जास्त कळतं.

प्रकल्प बंद करायची वेळ आली तर साइटचं काय?

मे २०१४ मध्ये ट्रूक्रिप्ट या फाइली कुलूपबंद करायच्या सॉफ्टवेअरच्या साइटवर एके दिवशी अचानक एवढंच दिसलं की हे सॉफ्टवेअर सुरक्षित नाही, दुसरीकडे जा. धड कारण नाही, पूर्वसूचना नाही. लोकांच्या गुप्त फाइली त्यात होत्या. साइट फोडली गेली आहे की लेखकांनीच हे लिहिलंय, हेही कळेना.

थांबायचं असेल तर सगळ्या पानांच्या माथ्यावर पट्टी लावा: अमुक तारखेनंतर नवीन आवृत्ती आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या येणार नाहीत, कारण हे, तुमचा डेटा असा बाहेर काढा, पुढे हे दोन पर्याय बघा. डेटा बाहेर काढायचं पान शेवटच्या आवृत्तीवर स्वतः करून बघून मगच प्रसिद्ध करा. आणि डोमेनचे पैसे पुढची काही वर्षं भरत राहा. सोडलेलं डोमेन कुणीही विकत घेऊ शकतो, आणि ज्या वाचनालयाच्या भिंतीवर तुमच्या साइटचा पत्ता छापून लावलेला आहे तिथला माणूस उद्याही तोच पत्ता टाकणार आहे.